कोयत्याचे पाणी : किती चढवावे आणि किती उतरवावे

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



आजवर या पानावर मी आपल्याशी बेणे, खते, पाणी आणि खोडवा यांविषयी बोलत आलो. आजही पाण्याविषयीच लिहिणार आहे. पण हे पाणी पाटाचे नव्हे, कोयत्याचे आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने लोहारकामात नाक का खुपसावे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण आधी सांगतो.

मागच्या गळीत हंगामात एका गावात को ८६०३२ चा फड चालू होता. टोळीने नवे कोरे कोयते आणले होते. तोड सुरू होऊन तास झाला नसेल, तोच एका गड्याचा घाव बुडख्याशेजारच्या दगडावर बसला. कोयत्याच्या धारेचा नखाएवढा तुकडा उडाला आणि शेजारी मोळी बांधणाऱ्या बाईच्या पायात घुसला. दोन टाके पडले. तीन दिवस तिचा खाडा झाला. आपल्याकडे ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई बसली की कोयता मोडला, म्हणजे गड्याचीही निम्मी कमाई गेली. नशीब थोर म्हणून तो तुकडा पायाला लागला. डोळ्याला लागला असता तर काय, हा विचार मला आजही सोडत नाही.

त्याच फडात दुसऱ्या चौघांचे कोयते पाहिले. त्यांची तऱ्हा उलटी. त्यांची धार तुटली नव्हती, ती भाकरीच्या कडेसारखी एका बाजूला वळली होती. एका उसाला दोन-दोन, तीन-तीन घाव घालावे लागत होते. बुडखे चिरफाळले होते. काही ठिकाणी तर बुडखा मुळासकट हलला होता.

गंमत अशी, की दोन्ही प्रकारचे कोयते एकाच लोहाराचे, एकाच गाडीच्या पाट्याचे. मी लोहाराकडे गेलो. माणूस जुना, हाताचा चांगला. तो सरळ म्हणाला, “साहेब, घाईचं काम झालं. पहिल्या खेपेला पाणी दिलं आणि तसेच दिले. मुकादम म्हणाला, लई कडक वाटतात. म्हणून दुसऱ्या खेपेला उतरवायला भट्टीतच ठेवले, ते जरा जास्तच झालं.”

लोखंड एक, हात एक, भट्टी एक. फरक पडला तो फक्त दुसऱ्या तापवण्यात. आजच्या लेखाचे सार एवढेच आहे : कोयता चांगला की वाईट हे पुष्कळदा या दुसऱ्या, लहानशा तापवण्यात ठरते. तिकडेच आपले सर्वांत कमी लक्ष असते.

१. धार जाते म्हणजे नेमके काय होते?

‘धार गेली’ असे आपण एका शब्दात म्हणतो. पण धार तीन तऱ्हांनी जाते.

(अ) धार झिजते. माती, वाळू आणि उसाची काचरी साल यांनी घासून ती हळूहळू बोथट होते. हे सगळ्याच कोयत्यांचे होणार. त्याला इलाज म्हणजे वेळच्या वेळी धार लावणे.

(आ) धार वळते. लोखंड मऊ पडले की घावाच्या दाबाने कड एका बाजूला झुकते आणि तशीच राहते. बोटाची नखी पात्याच्या बाजूने धारेकडे ओढली तर एका अंगाला ती अडकते.

(इ) धार तुटते. लोखंड कडक पण ठिसूळ असले की कड वळायच्या ऐवजी तिचे दाते पडतात, मोठा घाव बसला तर तुकडाच उडतो.

वळू नये म्हणून कडकपणा हवा. तुटू नये म्हणून चिवटपणा हवा. अडचण अशी, की साधारणपणे एक वाढवला की दुसरा कमी होतो. ज्या पात्यात दोन्हींचा मेळ बसतो त्याची धार टिकते. नुसता कडक कोयता म्हणजे टिकाऊ कोयता, ही समजूत चुकीची आहे. वर सांगितलेला तुकडा सर्वांत कडक कोयत्याचाच उडाला.

कडकपणा मोजायचे यंत्र असते. त्यात हिऱ्याचे टोक ठरावीक वजनाने लोखंडात दाबतात आणि ते किती रुतले यावरून आकडा काढतात. त्याला रॉकवेल सी आकडा म्हणतात. आकडा मोठा तर लोखंड कडक. चिवटपणा मोजायची रीत निराळी. लोखंडाच्या लहान तुकड्याला खाच पाडून त्यावर लंबकाचा एकच टोला हाणतात आणि तुकडा मोडायला किती जोर लागला ते बघतात. ही रीत फ्रान्सचे जॉर्ज शार्पी यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती १९०१ साली मांडली. हे दोन आकडे वेगळे आहेत एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सोपे जाईल.

२. पाणी देताना आत काय घडते?

आपण साखर कारखान्याचे सभासद आहोत, तेव्हा साखरेच्या भाषेत सांगतो. गरम पाकात साखर जास्त विरघळते. पाक हळू थंड केला तर साखरेचे दाणे सावकाश बाहेर येतात. तोच पाक एकदम गार केला तर दाणे धरायला वेळच मिळत नाही. साखर आतल्या आत अडकते आणि काचेसारखी कडक गोळी तयार होते. ती टणक असते, पण दाताखाली कडकन् फुटते.

पोलादाचेही थोडेफार असेच आहे. पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडा कार्बन. गाडीच्या पाट्यात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या दरम्यान असतो. पाटा लालभडक तापला की लोखंडाच्या कणांची आतली मांडणी बदलते आणि कार्बन तिच्यात विरघळतो. मग तो एकदम थंड केला की कार्बन बाहेर पडू शकत नाही. तो अडकून लोखंडाच्या मांडणीला ताण देतो. या ताणलेल्या रचनेला आडोल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. हेच आपले ‘पाणी दिलेले’ लोखंड. त्याचा रॉकवेल आकडा ६० च्या वर जातो आणि कानस त्यावरून घसरते.

बांधकामाच्या साध्या सळईला किंवा पत्र्याला कितीही पाणी दिले तरी असा कोयता होत नाही. तिच्यात कार्बनच पुरेसा नसतो. जिथे अडकायला काही नाही, तिथे कडकपणा येणार कुठून?

पण नुसते पाणी दिलेले पाते काचेच्या जातीचे असते. तसेच फडात नेले तर काय होते ते वर आलेच आहे. म्हणून पाणी दिल्यावर ते थोडे उतरवावे लागते, म्हणजे पाते पुन्हा हलके तापवावे लागते. या हलक्या उष्णतेने अडकलेला कार्बन अतिशय बारीक कणांच्या रूपाने बाहेर येऊ लागतो, आतला ताण सुटतो आणि लोखंड चिवट होते. किती तापवले यावर किती उतरले हे ठरते.

३. किती अंशाला काय होते?

गाडीच्या पाट्याच्या पोलादाचा अंदाज पुढे देतो. पाट्यापाट्यात थोडा फरक पडतो, तरी क्रम हाच राहतो. सर्व अंश सेल्सिअस आहेत.

• १५० अंशाच्या खाली : ताण थोडा सुटतो, पण ठिसूळपणा पुष्कळ उरतो. कोयत्याला हे पुरत नाही.

• २०० ते २३० अंश : कडकपणा सुमारे ५७ ते ५९ राहतो, म्हणजे थोडाच कमी होतो. चिवटपणा मात्र पाणी दिल्यावेळच्यापेक्षा पुष्कळ वाढतो. धारेच्या टिकावाला हा पट्टा सर्वांत चांगला.

• सुमारे २५० ते ३७० अंश : कडकपणा ५७ पासून ५१-५२ पर्यंत उतरत जातो. चिवटपणा वाढायला हवा, पण बऱ्याच पोलादांत तो वाढत नाही, उलट घटतो. याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

• ४०० अंशाच्या वर : कडकपणा ५० च्या खाली येतो, चिवटपणा भरपूर वाढतो. गाड्यांचे पाटे कारखान्यात याच बाजूला उतरवतात, म्हणून ते वाकतात पण मोडत नाहीत. याची धार लवकर वळते, पण तुकडा उडत नाही आणि कानशीने ती झटकन् लागते.

• ६०० अंशाच्या पुढे : कोयता नावालाच उरतो.

यात वेळेपेक्षा तापमान महत्त्वाचे. २०० अंशावर एक तास ठेवा की दोन तास, फार फरक पडत नाही. पण २०० च्या जागी ३०० झाले तर क्षणात फरक पडतो, आणि एकदा उतरलेले पाणी पुन्हा लाल करून विझवल्याशिवाय परत येत नाही.

गुऱ्हाळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे नवीन नाही. काकवी उतरवायची ती १०५ अंशाच्या आसपास, आणि गुळाची काहिल ११८ च्या आसपास. मध्ये अंतर जेमतेम तेरा अंशांचे, पण एका ठिकाणी पातळ काकवी आणि दुसऱ्या ठिकाणी ढेप. गुळव्याची सारी किंमत त्या तेरा अंशांत आहे. लोहाराचेही तसेच.

४. मधला फसवा पट्टा

आपल्याकडे एक समजूत आहे की धारेचे दाते पडत असतील तर पाणी आणखी थोडे उतरवावे. ऐकायला हे बरोबर वाटते. पण २३० चे २८० किंवा ३०० केले, तर कधी कधी कोयता मऊही होतो आणि ठिसूळही राहतो. दोन्हीकडून नुकसान.

त्याचे कारण असे. पाणी देताना सगळे लोखंड मार्टेन्साइट होत नाही. त्याच्या बारीक पट्ट्यांच्या मध्ये जुन्या मांडणीचे, न बदललेले मऊ लोखंड थोडे उरते. २५० अंशाच्या पुढे ते फुटते आणि त्या जागी लोखंड व कार्बन यांच्या कडक संयुगाचे पातळ पापुद्रे तयार होतात. विटांच्या भिंतीत चुन्याऐवजी काच भरावी तसे ते होते. वीट मऊ झाली तरी भिंत काचेच्या थरात तडकते.

सिलिकॉन जास्त असलेल्या पोलादात हा पट्टा वरच्या तापमानाकडे सरकतो. गाड्यांचे काही पाटे सिलिको-मँगेनीज जातीचे असतात, काही क्रोमच्या जातीचे. भंगारातून आणलेला पाटा कोणत्या जातीचा हे लोहारालाही माहीत नसते आणि आपल्यालाही. म्हणून मधल्या पट्ट्याच्या वाटेला जाऊच नये. एक तर २०० ते २३० वर थांबावे, नाही तर सरळ ४०० च्या पलीकडे जावे.

५. रंग वाचणे

लोहाराकडे तापमापक नसतो, डोळा असतो. पाणी दिलेले पाते दगडाने घासून चकचकीत केले आणि हलके तापवले, तर त्यावर हवेने अगदी पातळ गंजाचा थर चढतो. थर जसा जाड होईल तसा रंग बदलतो. साधारण २०५ ते २२० ला वाळल्या गवतासारखा फिका पिवळा, २४० ला गडद पिवळा, २५५ ते २६० ला तपकिरी, २८० च्या सुमारास जांभळा, ३०० ला निळा, आणि पुढे निळसर राखी होऊन रंग विरतो. कोयत्याच्या धारेवर आपल्याला हवा तो गवती पिवळा. जांभळा दिसला म्हणजे गाडी पुढे गेली.

रंगाच्या बाबतीत तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, हा रंग स्वच्छ चकचकीत लोखंडावरच दिसतो, काजळीवर दिसत नाही. दुसरी, पाते जास्त वेळ तापत राहिले तर कमी तापमानालाही रंग गडद होतो, आणि क्रोम असलेल्या पाट्यावर रंग उशिरा येतो. म्हणजे रंग हा अंदाज आहे, माप नव्हे. तिसरी, रंग घासून काढला म्हणून गेलेले पाणी परत येत नाही. निळ्या पडलेल्या कोयत्याला पॉलिश मारून कोणी विकला तर दिसायला तो नवाच दिसेल.

६. लोहाराकडून काय करून घ्यावे?

(१) पाटा निवडताना त्याला आधीची चीर नाही ना ते बघावे. जुना पाटा लाखो हिसके खाऊन आलेला असतो. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत वाजावा. बद्द आवाज आला तर तो टाकून द्यावा.

(२) पाणी देण्याआधी किती तापवायचे? स्पीकरचा जुना लोहचुंबक तारेला बांधून ठेवावा. सुमारे ७७० अंशाला लोखंड चुंबकाला चिकटेनासे होते. त्याच्या पुढे थोडेसेच, म्हणजे लालाचा रंग किंचित नारिंगीकडे झुकेपर्यंत तापवावे. पिवळे होऊ देऊ नये. जास्त तापवलेले लोखंड मोडून पाहिले तर आत मोठ्या दाण्याच्या साखरेसारखे चमकते. आपल्या कारखान्यात मोठा दाणा चांगला, पण कोयत्यात तो वाईट. चांगल्या लोखंडाचा मोड राखाडी आणि मखमलीसारखा बारीक असतो. रंग नीट दिसावा म्हणून हे काम उन्हात करू नये, सावलीत करावे.

(३) पाट्याला गार पाण्यात विझवू नये, पुष्कळदा चिरा जातात. कोमट गोडे तेल वापरावे. तेलाचा डबा पत्र्याचा आणि खोल असावा, झाकण जवळ असावे आणि तेलात पाणी नसावे. भडका उडाला तर पाणी न ओतता झाकण टाकावे. लहान मुलांना तेथे उभे राहू देऊ नये.

(४) विझवल्यावर कानस लावून पाहावी. कानस घसरली तर पाणी बसले. धरली तर बसलेच नाही, आणि मग उतरवण्याचा प्रश्नच येत नाही.

(५) हाताला सोसवेल इतके पाते निवले की लगेच उतरवायला घ्यावे. उद्यावर टाकू नये. तसेच पडून राहिलेले पाते आपसूकही चिरते.

(६) उतरवण्याची उत्तम जागा म्हणजे गावातली पावाची भट्टी. पाव भाजायची उष्णता आणि कोयत्याला लागणारी उष्णता जवळजवळ एकच. भट्टीत ठेवायचा तापमापक महाग नसतो. २०० ते २३० अंशात एक तास ठेवावे, निवू द्यावे आणि पुन्हा एक तास ठेवावे. एका वेळी पुष्कळ कोयते निघतात. पाववाल्याचे पाव निघाल्यावर उरलेल्या उष्णतेत हे काम होते.

(७) पावाची भट्टी नसेल तर फुटाणे भाजतात तशी लोखंडी कढईत वाळू तापवावी. पाते घासून चकचकीत करावे, पाठ वाळूत रोवून धार वर ठेवावी. रंग पाठीकडून धारेकडे सरकत येतो. धारेवर गवती पिवळा आला की लगेच काढून पाण्यात बुडवावे. यात पाठ आणि मुठीकडची मान धारेपेक्षा मऊ राहते, आणि ते चांगलेच आहे, कारण कोयता बहुधा मानेत मोडतो. मात्र उघड्या भट्टीच्या निखाऱ्यात पाते उतरवायला ठेवू नये. तिथे एका टोकाला २०० तर दुसऱ्याला ४०० असते.

जमीन मुरमाड, दगडगोट्यांची असेल तर काय? तिथे कडक धारेचा आग्रह धरू नये. पातळ पाटा मिळाला तर तो न तापवता, पाण्याची धार सोडत कापून-घासून कोयता करावा. त्यात कारखान्याने दिलेले मूळचे पाणी तसेच राहते. धार वळेल, पण कानशीने दोन मिनिटांत सरळ होईल, आणि कोणाच्या पायात तुकडा जाणार नाही. काळ्या, बिनदगडी जमिनीत मात्र २०० ते २३० चा कोयता घ्यावा. त्यावर कानस जेमतेम चालते, म्हणून धार लावायचा दगड जवळ ठेवावा.

धारेचा कोनही पाहावा. फार पातळ धार कितीही चांगल्या लोखंडाची असली तरी मोडते किंवा वळते. जमिनीलगत घाव घालायच्या कोयत्याला दोन्ही अंगांनी मिळून सुमारे ५० अंशांचा कोन ठेवावा. पात्याची जाडी धारेकडे हळूहळू उतरावी आणि अगदी कडेला थोडा बोथट कोन असावा.

७. चांगल्या कोयत्याचे पाणी आपणच घालवतो

इथे मला माझीच चूक कबूल केली पाहिजे. बेणे तोडायचा माझा एक कोयता होता, हलका आणि धारेचा. एकदा घाई होती म्हणून विजेच्या शाणेवर धार लावली. ठिणग्या छान उडाल्या, कडेला निळी रेघ उमटली. मला वाटले, धार लागली. दुसऱ्या दिवशी शंभर टिपऱ्याही झाल्या नाहीत तो कड वळली. आमच्या वर्कशॉपमधल्या फिटरने ती निळी रेघ बघून सांगितले, “साहेब, तुम्ही धार लावली नाही, पाणी जाळलं.” पदविकेच्या तीन वर्षांत हे मला कोणी शिकवले नव्हते.

तेव्हा तीन गोष्टी टाळाव्यात.

पहिली, कोरड्या शाणेवर दाबून धार लावणे. कड पातळ असते, क्षणात ३०० अंशाच्या वर जाते. शाण वापरायचीच तर प्रत्येक फेरीनंतर पाते पाण्यात बुडवावे आणि बोटाला चटका बसेल इतके तापू देऊ नये.

दुसरी, पाचट पेटवताना कोयता फडात राहणे. पाचट जाळू नका हे आम्ही जमिनीसाठी सांगतोच. त्यात सापडलेला कोयता कामातून जातो, हे त्याचे आणखी एक कारण.

तिसरी आणि महत्त्वाची. बेणे तोडताना कोयता निर्जंतुक करावा, अशी आमची शिफारस असते, कारण खोडव्याची वाढ खुंटवणारा रोग कोयत्याला लागलेल्या रसातून एका उसातून दुसऱ्यात जातो. १९४०च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये हा रोग प्रथम ओळखला गेला. पण काही सभासद निर्जंतुक करायचे म्हणून कोयता जाळावर धरतात. रोग जातो आणि कोयताही जातो. जाळावर धरू नका. जंतुनाशकाच्या बाटलीवर लिहिल्याप्रमाणे द्रावण करून बादलीत ठेवा आणि दोन कोयते आळीपाळीने वापरा. एक बादलीत, एक हातात.

८. यात आपला काय संबंध?

काही सभासद म्हणतील, कोयता टोळीचा, आपण कशाला लक्ष घालायचे? आता यंत्रानेही तोड होते, हे खरे. तरी आपल्या भागात अजून बरेच फड कोयत्यानेच निघतात, आणि लहान तुकड्यात, ओल्या रानात यंत्र जात नाही.

उसाच्या बुडाकडच्या कांड्यांत साखर सर्वांत जास्त. ऊस जमिनीलगत तुटला तर वजन आपले, उतारा कारखान्याचा, म्हणजे पुन्हा आपलाच. ऊस वर तुटला तर उरलेल्या बुडख्याच्या वरच्या डोळ्यांतून कमजोर फुटवे येतात आणि पुन्हा बुडखे छाटायची मजुरी पडते. बोथट कोयत्याने बुडखा चिरफाळला तर त्यातून बुरशी शिरते. एका स्वच्छ घावाची किंमत पुढच्या वर्षीच्या खोडव्यात कळते. तोडणाऱ्याला मजुरी टनावर मिळते. बोथट कोयत्याने दिवसाचे टन घटले, तर तो जमिनीपर्यंत वाकायचे टाळतो. त्यात त्याचा दोष कमी आणि कोयत्याचा जास्त.

आणि वजन-उतारा बाजूला ठेवला, तरी त्या बाईच्या पायातला तुकडा उरतोच. आपल्या फडात येणारा माणूस धडधाकट परत जावा, ही जबाबदारी आपली नाही असे कोण म्हणेल?

थोडक्यात सांगायचे तर :

• पाणी दिलेला कोयता उतरवल्याशिवाय फडात नेऊ नये.
• २०० ते २३० अंश, म्हणजे धारेवर गवती पिवळा रंग. जांभळा-निळा नको.
• दाते पडतात म्हणून ‘आणखी थोडे’ उतरवू नये. मधला पट्टा फसवा आहे.
• दगडाळ रानात मऊ कोयता आणि कानस, काळ्या रानात कडक कोयता आणि दगड.
• कोरडी शाण, पाचटाचा जाळ आणि निर्जंतुकीसाठी जाळ, तिन्ही वर्ज्य.

ज्यांना खात्री करून घ्यायची असेल त्यांनी एक साधा प्रयोग करावा. एकाच पाट्याच्या तीन पट्ट्या घ्याव्यात. तिन्हींना सारखेच पाणी द्यावे. एक तशीच ठेवावी, दुसरी गवती पिवळी करावी, तिसरी निळी करावी. तिन्हींना सारखी धार लावावी आणि वाळलेल्या बाभळीवर सारखे घाव घालावेत. डोळ्यांना जाड चष्मा लावावा आणि जवळ कोणाला उभे करू नये. मग तिन्ही धारा उजेडाकडे धरून बघाव्यात. जिथे कड चमकते तिथे ती वळली किंवा तुटली आहे. माझ्या लेखापेक्षा त्या तीन पट्ट्या जास्त शिकवतील.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपण हत्यारांची पूजा करतो. यंदा कोयत्याला हळद-कुंकू वाहण्याच्या आधी आठ दिवस तो लोहाराकडे न्यावा, आणि हा लेख त्याला वाचून दाखवावा. त्याचे काही वेगळे म्हणणे असेल तर मला गट कार्यालयात येऊन जरूर सांगावे. त्याचा हात माझ्या वाचनापेक्षा जुना आहे, आणि त्याच्याकडून शिकायला मला आवडेल.